बोट धक्क्याला की बोयाला?

गेल्या महिन्यात बोर्ली पंचतनहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले. या सदराकडे येणारी पत्रे बहुधा सासू-सुनांची, मुलांच्या शिक्षणाची, नाहीतर वारसाहक्काची असतात. हे पत्र एका बोटीचे आहे. पहिल्यांदा वाटले, यात आम्ही काय सांगणार? पण तिसऱ्या पानावर त्यांनी लिहिले आहे की गेले महिनाभर दोघे सख्खे भाऊ एका दस्तरखानावर बसलेले नाहीत. म्हणून हा अंक त्यांच्यासाठी.

हकीकत थोडक्यात अशी. भगिनींचे शौहर अठरा वर्षे कुवेतला होते. आता कायमचे परत आले. धाकट्या दिराबरोबर भागीत त्यांनी २४ फुटी फायबरची बोट घेतली. दिवेआगरला येणाऱ्या पर्यटकांना राजपुरी खाडीत फिरवायचे, जंजिरा किल्ला पाण्यातून दाखवून आणायचा, असा बेत. परवान्याचे काम चालू आहे. प्रश्न आहे तो बोट रात्री ठेवायची कुठे, याचा. खाडीच्या आत एका गृहस्थाने प्लॅस्टिकच्या पिंपांचा तरंगता धक्का केला आहे. तिथे दिवा, नळाचे पाणी आणि राखणदार आहे. भाडे महिना ६,००० रुपये. दिराचे म्हणणे, एवढे भाडे कशाला? सिमेंटचा ठोकळा खाडीच्या तळाला टाकू, साखळी लावू, वर बोया सोडू आणि बोट त्याला बांधू. एकदाच २२,००० रुपये गेले की संपले. शौहरांनी कुवेतमध्ये सूक शर्कच्या मरिनात ओळीने बांधलेल्या बोटी रोज पाहिल्या आहेत. पाण्याच्या मधोमध एका दोरीवर झुलणारी बोट त्यांना बेवारस वाटते. आणि या बोटीत भगिनींचे बारा तोळे सोने गेले आहे.

आम्ही दर्यावर्दी नव्हे. म्हणून एका रविवारी दिघीला जाऊन आलो. जंगलजेट्टीने आगरदांड्याला गेलो, तिच्यातूनच परत आलो आणि वाटेत खाडीतल्या बोटी पाहिल्या. खाडीत आयुष्य काढलेल्या दोन तांडेलांना विचारले. पुढे जे लिहितो आहोत त्यातले पाण्याचे शहाणपण त्यांचे आहे, हिशेब तेवढा आमचा.

पहिली गोष्ट शौहरांसाठी. धक्का म्हटला की सुरक्षित, असे नाही. आपल्याकडचे बरेचसे धक्के दगडाचे किंवा काँक्रीटचे, म्हणजे जागेवरून न हलणारे. पाणी मात्र दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, उधाणात दहा-बारा फूटही. अशा धक्क्याला दोर ताणून बांधली तर ओहोटीला बोट दोरावर लटकते. ढिली बांधली तर भरतीच्या लाटांनी भिंतीवर आपटते. जुने टायर लावले तरी वादळात टायर सुटतात आणि भिंत उरते. बोयावरची बोट वाऱ्याकडे आणि प्रवाहाकडे नाळ करून आपोआप वळते, लाट समोरून घेते. म्हणून वारा वाढला की धक्क्याची बोट खोल पाण्यात नेऊन नांगरणारे खलाशी तुम्हाला भेटतील. तरंगता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे दोर ताणण्याचा प्रश्न तिथे नाही. शौहरांनी कुवेतला पाहिले ते याच जातीचे. पण मरिनाला समुद्राच्या बाजूने दगडी बांध असतो, आत लाट येत नाही. इथल्या पिंपांच्या धक्क्याला फक्त खाडीचा आडोसा आहे. तो धक्का स्वतः कशाला बांधला आहे, हे शौहरांनी विचारले का? शेवटी तोही साखळीने तळाशीच बांधलेला असणार.

आता दिराची बाजू. त्यांनी अर्ध्या टनाचा ठोकळा धरला आहे. इथे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. काँक्रीट समुद्राच्या पाण्यात गेले की त्याचे वजन चार दशांशाहून जास्त घटते. ५०० किलोचा ठोकळा तळाशी जेमतेम २८५ किलो भरतो, म्हणजे चार धट्ट्याकट्ट्या माणसांएवढा. मतलई वारा असेल तोवर ठीक. दुपारचे खारे वारे जोरात सुटले आणि त्यातच ओहोटीचा ओढा लागला तर हा ठोकळा चिखलातून सरकेल. लोखंडाचे वजन पाण्यात आठव्या हिश्श्याइतकेच घटते. म्हणून दोन्ही तांडेल म्हणाले, ठोकळा टनाचा करा आणि साखळी जहाजाची जुनी, जाड घ्या. साखळीचे वजनच अर्धी बोट धरते.

लांबीचा हिशेबही दिराने केलेला दिसत नाही. समजा ओहोटीला आठ फूट पाणी आहे. उधाणाच्या भरतीला ते एकोणीस होईल. नाळ पाण्यावर तीन फूट धरली तर बावीस. साखळी आणि दोर मिळून याच्या तिप्पट हवी, म्हणजे ६६ फूट. ओहोटीला हीच साखळी आडवी पसरते, तिच्या टोकाला २४ फुटांची बोट. म्हणजे ठोकळ्याभोवती जवळजवळ ९० फुटांपर्यंत बोट फिरणार, १८० फूट रुंदीचे वर्तुळ! त्यात दुसऱ्याची बोट येता कामा नये. हलकी फायबर बोट वाऱ्याने फिरते आणि भरलेला मच्छीमार मचवा प्रवाहाने. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी एकाच दिशेला फिरतील असे धरून चालू नये. शेजाऱ्याचा हक्क आपण भिंतीच्या अलीकडे-पलीकडे मोजतो, खाडीत तो असा वर्तुळात मोजावा लागतो. ज्यांचे मचवे तिथे आधीपासून आहेत त्यांना विचारल्याशिवाय ठोकळा टाकू नका. बंदर निरीक्षकांची परवानगी तर हवीच. १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत ही लहान बंदरे येतात. दिघीला आता मोठी जहाजे येतात, जंगलजेट्टीचा रस्ता आहे. त्या वाटेत बोया चालणार नाही.

भरती-ओहोटी ओळखायची एक सोपी रीत एका तांडेलाने सांगितली, ती घराघरात उपयोगी पडेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. कृष्णपक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. आपण चांदाची तारीख पाळतो, ती तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते. म्हणून तारखेत एक मिळवून पाऊणपट करा. यातूनच आमच्या एक गोष्ट लक्षात आली आणि मौज वाटली. ईद-उल-फित्र दरवर्षी उधाणातच येते, कारण चांद दिसतो तो अमावास्येनंतर लगेच. शब-ए-बरात पौर्णिमेला, तेव्हाही उधाण. बकरी ईद दहा तारखेला, तेव्हा भांगाची मंद भरती. म्हणजे ईदच्या दिवशी, सगळे घर नमाज आणि शीरखुर्म्यात असताना, बोयाच्या साखळीवर महिन्यातला सर्वांत मोठा ताण असतो. त्या दिवशी बोटीकडे कोण पाहणार, हे आधी ठरलेले बरे.

आता पैशाचे. दिराचे २२,००० खरे आहेत, पण अपुरे. मोठा ठोकळा आणि जाड साखळी यांचे ७,००० वाढले. बोटीपर्यंत जायला लहान होडी लागेल, जुनी घेतली तरी १४,०००. वर्षातून एकदा साखळी वर काढून तपासायची मजुरी ४,०००. झाले ४७,०००. धक्क्याचे भाडे हंगामाच्या आठ महिन्यांचे ४८,०००. पहिल्या वर्षी फरक हजाराचा! ज्या बचतीवरून भाऊ भांडले ती पहिल्या वर्षी नाहीच. दुसऱ्या वर्षापासून मात्र चित्र पालटते. तपासणी, नवा दोर आणि साखळीचा झिजलेला तुकडा मिळून बाराएक हजार. धक्क्याला पुन्हा ४८,०००.

पण या बारा हजारांत एक माणूस धरलेला नाही. धक्क्याच्या भाड्यात राखणदार आहे. बोयावरच्या बोटीचा राखणदार म्हणजे दीर, कारण त्यांचे घर दिघीला पाण्याजवळ आहे आणि शौहर बोर्लीत राहतात. रात्री वारा उठला की उठायचे, उधाणात दोर कुठे घासतो ते बघायचे, घासेल तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवायचा, पावसाचे पाणी उपसायचे. हे फुकट धरणे म्हणजे धाकट्या भावावर अन्याय. त्यांनीही ते मोठेपणाने फुकट देऊ नये. दोन वर्षांनी तोच मोठेपणा भांडणात बोलून दाखवला जातो, हे आम्ही अनेक पत्रांत वाचले आहे. महिन्याला ठरावीक मेहनताना लावा आणि तो बोटीच्या कमाईतून द्या.

दिराने एक वाक्य म्हटल्याचे भगिनींनी लिहिले आहे: एवढी जाड साखळी कशाला, अल्लाह मालिक आहे. अल्लाह मालिक आहेच. पण उंट बांधू की मोकळा सोडून भरवसा ठेवू, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधायला सांगितले होते. तिर्मिजीतली ही हदीस दिराला ठाऊक असणारच.

आता बारा तोळ्यांकडे येऊ, कारण पत्रात ते एकाच ओळीत उरकले आहे. भगिनी, हे सोने तुमचे आहे. मेहर आणि माहेरचे दागिने ही बायकोची स्वतःची मालमत्ता, हे कोणत्याही आलिमांना विचारा. ते बोटीत कोणत्या नात्याने गेले? तुम्ही शौहरांना कर्ज दिले, हिबा केला, की भागीदार झालात? कर्ज असेल तर बोट बुडो की तरो, रक्कम परत यायला हवी. भागीदारी असेल तर नफा ठरल्याप्रमाणे, पण नुकसान ज्याचे जेवढे भांडवल तेवढे. म्हणजे साखळी तुटून बोट खडकावर गेली तर तुमचा वाटा बुडेल. ज्याचा वाटा बुडणार त्याला साखळी केवढी घ्यायची यात बोलायचा हक्क आहे. शौहर आणि दीर तुम्हाला न विचारता भांडत आहेत, हे आम्हाला पटले नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकरातली, आणि ती देण्या-घेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. तिघांनी बसून कागद करा, दोन साक्षीदार घ्या. बोट कुणाच्या नावावर नोंदवणार तेही त्यात येऊ द्या.

आमचा कल विचाराल तर बोयाकडे. दीर पाण्याजवळ राहतात आणि पाणी जाणतात म्हणून. दिघीला घरचे कुणी नसते तर आम्ही डोळे मिटून धक्का सांगितला असता, दुप्पट भाडे पडले तरी. शौहरांचा एक मुद्दा मात्र पूर्ण खरा आहे. पर्यटकांत लेकुरवाळ्या बायका असतात, वृद्ध असतात. त्यांना होडीतून बोटीत चढवणे धोक्याचे. म्हणून प्रवासी चढ-उतार रीतसर परवानगी घेऊन जेट्टीवरच करा. जॅकेट घातल्याशिवाय कुणाला बसवू नका, मग तो कितीही ओळखीचा असो. शेवटची फेरी झाली की बोट बोयावर न्यायची. शौहरांनी होडी वल्हवायला शिकावे. पन्नाशीत लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. तेव्हा धक्काही नको आणि बोयाही नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पर्यटकांच्या फेऱ्याही मे अखेरीला थांबतात. बोट वर ओढून शाकारायची. सतराव्या शतकात जंजिऱ्याच्या सिद्दींचे आरमार पावसाळा काढायला मुंबईच्या बंदरात माझगावकडे जाई आणि तिथल्या इंग्रजांची त्यावरून कुरकुर असे. जंजिऱ्यासारखा किल्ला उशाला असून त्यांनी गलबते त्याच्याखाली ठेवली नाहीत. आपल्या पिढीला निसर्ग वादळ पुरेसे आहे. ३ जून २०२० ला दुपारी ते याच किनाऱ्यावर आले आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. जूनची ३ तारीख! बोट काढायला ‘अजून आठ दिवस आहेत’ म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यातच, उधाणाची भरती पाहून, बोट वर घ्या. पाणी चढलेले असले की ओढायचे अंतर कमी पडते.

साखळीही त्याच वेळी काढा. ती सर्वांत जास्त झिजते ती वरच्या टोकाला नव्हे. जिथे साखळी तळाला टेकते आणि प्रत्येक भरतीला उचलली जाते तिथल्या कड्या पाहा. नवीन असताना एका कडीची जाडी मोजून कागदावर लिहून ठेवा, त्याच कागदावर, ज्यावर तिघांच्या सह्या असतील. शेकलची पिन तारेने बांधलेली आहे का तेही बघा, ती रोजच्या हेलकाव्यांनी आपोआप फिरून निघते.

भगिनी, पहिल्या हंगामानंतर त्या कड्यांची जाडी किती उरली ते आम्हाला जरूर कळवा. आणि दोघे भाऊ जेवायला एकत्र बसू लागले का, तेही.