तीस वर्षांचा हिशेब

परवां सायंकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या अजिंठ्याच्या घरीं येऊन ओटीवर बसला. फर्दापूर ते सिल्लोड ह्या रस्त्यावर तो प्रवासी जीप चालवितो. जुनी गाडी मोडकळीस आली आहे. नवी डिझेलची घ्यावी कीं बॅटरीवर चालणारी, हा प्रश्न. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं त्यास आमचें मत हवें होतें. विचारतांना मात्र तो हंसला. म्हणाला, "गुरुजी, पृथ्वीच्या पोटांतलें तेल तीस वर्षांत संपेल असें आपण वर्गांत सांगितलें होतें. त्याला आतां पस्तीस वर्षें होऊन गेलीं!"

आम्ही निरुत्तर झालों. आमच्या मास्तरांनीं आम्हांस जें सांगितलें तेंच आम्ही न तपासतां पुढें दिलें होतें. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें आणि तीन डॉलरांचें पिंप कांहीं महिन्यांतच बारा डॉलरांच्या घरांत गेलें. ती भीति तेव्हांची. पुढच्याच वर्षीं आपल्या मुंबईच्या समुद्रांत तेल लागलें, तरी भीति गेली नाहीं.

चूक कोठें होती? तेलाचा सांठा आम्ही कणगींतल्या धान्यासारखा समजलों. रोज इतकें काढलें तर अमुक दिवशीं तळ लागेल! पण ह्या व्यवहारांत 'सांठा' म्हणजे भूगर्भांतलें सगळें तेल नव्हे. चालू भावांत व चालू युक्तीनें जें काढणें परवडतें तेवढेंच. भाव चढला, युक्ति सुधारली, कीं काल सोडून दिलेलें तेल आज सांठ्यांत जमा होतें. आज जगाचा सांठा सुमारें १ लाख ७० हजार कोटि पिंपें धरतात आणि रोजचा खप १० कोटींच्या आसपास आहे. भागाकार सुमारें ४७ वर्षें येतो. १९८० च्या सुमारास तो तिसाच्या आसपास येत असे. खाऊन कणगी वाढली, म्हणावयाचें!

पंपावरचा भाव तर ह्या सांठ्याकडे पाहतच नाहीं. २० एप्रिल २०२० रोजीं अमेरिकेंत तेलाचा वायदा शून्याच्याही खालीं गेला. आपल्याकडे भाव उतरला नाहीं; उलट पंधरवड्यांत केंद्र सरकारनें उत्पादनशुल्क वाढविलें, आणि पुढच्या वर्षीं पेट्रोलनें शंभरी ओलांडली. त्यांत राज्याचा कर, विक्रेत्याचें कमिशन, मनमाडजवळच्या पानेवाडीहून येणाऱ्या टँकरचें भाडें. परभणीकर त्या भाड्यापायींच चार पैसे अधिक मोजतो. शिवाय देशास लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरचें. अडचणीच्या वेळेसाठीं विशाखापट्टण, मंगळूर व पादूर येथें खडक कोरून ५३ लाख टनांची सोय केली आहे. लेण्यांच्या शेजारीं राहणाऱ्या आम्हांस ह्या कोरीव कामाचें विशेष कौतुक. पण तेवढें तेल देशास जेमतेम नऊ-दहा दिवस पुरावें.

तेव्हां त्यास आम्ही म्हटलें, "आमचें तें तीस वर्षांचें वाक्य विसर. तुझें कर्ज पांच वर्षांचें. तेवढ्यांत तेल संपत नाहीं. पण त्याचा भाव ना तुझ्या हातीं, ना आमच्या. बॅटरीची गाडी घाट चढतांना किती उतरते, तें ती चालविणाऱ्यासच विचार, विकणाऱ्यास नको. मग दोन्हींचा महिन्याचा खर्च वहींत मांडून आण."

रविवारीं तो वही घेऊन यावयाचा आहे.