येळवस, नाताळ आणि हलकीफुलकी पुस्तकं

मित्रांनो, परीक्षा संपली की हॉस्टेलवर एकच प्रश्न फिरत असतो, "सुट्टीत काय करणार?" उत्तरंही ठरलेली. कोणी म्हणतो, पोटभर झोपणार. कोणी म्हणतो, राहिलेल्या वेब सीरिज संपवणार. एखादा गंभीर चेहरा करून सांगतो, "गेटचा अभ्यास सुरू करणार." (त्याच्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही, तो स्वतःसुद्धा!) पण "मी एखादं मजेदार पुस्तक वाचणार आहे" असं म्हणणारा सापडणं म्हणजे ओरलला एक्स्टर्नलने पहिल्याच उत्तराला शाबासकी देण्याइतकं दुर्मिळ.

आणि चुकून कोणी असं पुस्तक हातात घेतलंच, तर घरचे विचारतात, "कामून वाचायलास हे? परीक्षेत येतंय का?"

या प्रश्नाला एकदा नीट उत्तर द्यावं म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. डिसेंबरच्या सुट्टीत हलकंफुलकं, हसवणारं, मनाला ऊब देणारं पुस्तक वाचणं म्हणजे टाइमपास नव्हे. आपल्यासारख्या पोरांचं वाचन डिग्रीनंतरही टिकायचं असेल, तर ते अशाच पुस्तकांमुळे टिकेल.

आधी जरा बाहेरच्या जगाकडे बघू. युरोपच्या वरच्या टोकाला आइसलँड नावाचा देश आहे. लोकसंख्या चार लाखांच्या आत. आपल्या नांदेड जिल्ह्याचीच २०११ च्या जनगणनेत ३३ लाखांवर होती, यावरून अंदाज करा! तिथे नाताळात एकमेकांना पुस्तकं भेट देतात आणि २४ डिसेंबरच्या रात्री ती उघडून वाचत बसतात. या प्रथेला त्यांच्या भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ होतो 'नाताळातला पुस्तकांचा पूर'. ही प्रथा रुजली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. परदेशी मालाच्या आयातीवर बंधनं होती, भेट द्यायला काही मिळत नव्हतं, पण कागद त्यामानाने मिळत होता. मग लोकांनी पुस्तकं द्यायला सुरुवात केली. म्हणजे ही चैन नव्हती, टंचाईतून निघालेली वाट होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या लोह्यात कुठला आलाय नाताळचा बर्फ? बर्फ नाही, कबूल. पण मोसम तोच आहे! मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, कुस्त्या, लावणी, सगळा माहोल. आणि मार्गशीर्ष अमावस्येला आपली येळवस. पंचांगाप्रमाणे हे दिवस बहुतेक नाताळाच्या आगेमागेच येतात. २०२४ साली तर वेळअमावस्या ३० डिसेंबरला होती. शेतात कडब्याची कोप, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, दुपारभर गार वारा आणि वर कोवळं ऊन. यापेक्षा उबदार सण जगात कुठे असेल असं मला तरी वाटत नाही. जेवण झाल्यावर झाडाखाली आडवं पडून वाचायला एक पुस्तक, एवढीच काय ती कमी आहे.

मग ही कमी का राहिली? मला वाटतं, आपल्या भागात वाचनाला कायम कामाला जुंपलं गेलं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी शाळा, मराठी ग्रंथालय चालवणं हे त्या काळात चळवळीचं काम होतं. पुढे शिक्षण आलं, तेव्हा वाचन म्हणजे नोकरीची शिडी झाली. आज तालुक्याच्या गावी अभ्यासिका फुल्ल असतात, पण टेबलावर गाइड आणि प्रश्नसंच. यात वाईट काही नाही. घरच्या परिस्थितीने शिडी लागते, ती चढलीच पाहिजे. पण पोळ्याला बैलालासुद्धा सुट्टी असते हो! आपण मात्र पुस्तकाच्या मानेवरचं जू वर्षातून एक दिवससुद्धा काढत नाही.

याचा परिणाम काय होतो? ज्याने फक्त मार्कांसाठी वाचलं, तो शेवटचा पेपर दिला की वाचणं सोडतो. कारण त्याच्या लेखी पुस्तक म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा तर संपली. गंभीर, मोठे ग्रंथ तो पुढे कधीतरी वाचेल ही आशाच नको. ज्याने हसत हसत दहा पुस्तकं संपवली आहेत, त्याच्याच हातात अकरावं जाड पुस्तक जाण्याची शक्यता असते. कुरुंदकर गुरुजींच्या नांदेडजवळ बसून हलक्या पुस्तकांची वकिली करायची म्हणजे धाडसच आहे. पण गुरुजींच्या ग्रंथांपर्यंत पोचायलासुद्धा आधी पान उलटायची सवय लागते, नाही का?

आता एक आक्षेप असा की, "मराठवाड्यात दुष्काळ, नापिकी, कर्ज... आणि तुम्हाला हसायचं सुचतंय?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी ही गोष्ट खरी आहे. पण हसवणारी आणि ऊब देणारी पुस्तकं सुखवस्तू दिवाणखान्यात जन्मली, हा समज साफ खोटा आहे.

चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' घ्या. नाताळच्या गोष्टींमधली ही सगळ्यात गाजलेली गोष्ट १९ डिसेंबर १८४३ ला प्रसिद्ध झाली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती संपल्या. ती लिहिणाऱ्याचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले होते आणि हा बारा वर्षांचा पोरगा बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागला होता. पी. जी. वुडहाउस हा इंग्रजीतला सगळ्यात खेळकर लेखक. १९४० मध्ये जर्मनांनी त्याला पकडून छावणीत डांबलं, आणि तिथेही त्याने एक विनोदी कादंबरी लिहून पूर्ण केली!

आपल्या मराठीतलं उदाहरण तर याहून भारी. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ चा. नाताळच्या सुट्टीसाठी मराठीत एकच पुस्तक सुचव म्हणालात, तर मी हेच सुचवीन. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यावरून नवरा-बायकोची ताटातूट झाली, पुढे लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरात (आताचं अहिल्यानगर) संसार, घरात पैसा न टिकू देणारा कवी नवरा, वडिलांचं टोकाचं सोवळं, प्लेगचे दिवस. मजकूर असा की रडूनच लिहावा. पण बाई असं काही सांगतात की वाचता वाचता फिसकन हसू येतं, आणि पुढच्याच पानावर डोळे भरून येतात. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलेलं हे मराठी वाचलं की आपली इंजिनिअरिंगची ऐट जरा खाली येते. हलकं पुस्तक म्हणजे पोकळ पुस्तक नव्हे, हे सांगायला यापेक्षा मोठा पुरावा नको.

दुसरा पुरावा चिं. वि. जोशींचा. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचा जन्मदाता हा पाली भाषेचा पंडित होता, बडोद्याला शिकवायचा. एवढा विद्वान माणूस चिमणरावाची फजिती लिहिण्यात वेळ घालवतो, याचा अर्थ ते काम त्याला कमी प्रतीचं वाटत नव्हतं. मग वाचायला आपल्याला कमीपणा कशाला?

आता मुख्य गोष्ट. निवडायचं कसं? कारण हलकं पुस्तक निवडणं हे काही हलकं काम नाही. माझ्या काही साध्या कसोट्या आहेत, पटल्या तर घ्या.

पहिली कसोटी : लायब्ररीत कपाटासमोर उभ्या उभ्या दोन पानं वाचा. ओठ हलले, गालात हसू आलं, तर पुस्तक घ्या. नाही आलं, तर परत ठेवा. लेखक कितीही थोर असो, सर काहीही म्हणोत. सुट्टीतल्या वाचनाला अटेंडन्स नसतो.

दुसरी : तुकड्यातुकड्यांनी वाचता येईल असं घ्या. सुट्टीत घरी गेलं की कोणी ज्वारीला पाणी द्यायला पाठवतं, कोणी दळण आणायला. अशा वेळी पु. लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' किंवा 'बटाट्याची चाळ' बरं पडतं. कुठूनही उघडा, कुठेही मिटा. दिलीप प्रभावळकरांची 'अनुदिनी' घ्या. टीव्हीवरचे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' त्यातूनच आले. फारच थकला असाल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढा. पोरांचं पुस्तक म्हणून लाजू नका, थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरनंतर सगळेच पोरं होतात!

तिसरी कसोटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : मोठ्याने वाचता येतं का ते बघा. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव कथाकथन करायचे आणि मैदानं भरायची. मिरासदार तर १९९८ साली आपल्या मराठवाड्यात, परळीला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांची 'व्यंकूची शिकवणी' किंवा 'भुताचा जन्म' येळवशीच्या दुपारी कोपीपाशी बसून वाचून दाखवा. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा पुस्तकाची वाचक होते. गाइड वाचून दाखवलं तर ती उठून जाईल.

चौथी : हसणं कोणावर आहे ते तपासा. जुन्या विनोदात बायकोचं अडाणीपण, तोतरं बोलणं, एखाद्याची जात, खेडवळ बोली यांवर पुष्कळ हशा वसूल केलेला आहे. आपली बोली ऐकून पुण्या-मुंबईकडचे हसतात तेव्हा कसं वाटतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच लक्ष्मण देशपांडे मला मोठे वाटतात. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये हा एकटा माणूस ५२ पात्रं उभी करायचा, आणि ती पात्रं आपल्या मराठवाडी बोलीत बोलायची. लोक त्या बोलीला हसत नव्हते, त्या बोलीतून हसत होते. तो विनोद बाहेरून केलेला नव्हता, घरातला होता. २००९ साली ते गेले, पण हे पुस्तकरूपात आहे. नक्की मिळवा. छापलेल्या पानावर आपलं बोलणं भेटणं यात काय आनंद असतो, तो अनुभवूनच बघा.

शेवटची कसोटी : नाही आवडलं तर सोडून द्या. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची बॅकलॉग लागत नाही!

राहिला प्रश्न पैशांचा. पुस्तक विकतच घ्यायला हवं असं कुठे आहे? गावच्या सार्वजनिक वाचनालयात जा. यातली बरीच पुस्तकं जुनी आहेत, म्हणजे ती कपाटात असण्याची शक्यता जास्त. शिवाय दिवाळी अंक आहेतच. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने ही परंपरा सुरू केली, आणि आजही कितीतरी अंक खास विनोदाला वाहिलेले असतात. दिवाळीत त्यांच्यावर उड्या पडतात, डिसेंबरपर्यंत गर्दी ओसरते. तेव्हा निवांत घेऊन या.

आपल्या कॉलेजच्या लायब्ररीलाही एक नम्र विनंती. रेफरन्सची कपाटं भरपूर आहेत. दारापाशी एक छोटं कपाट फक्त अशा पुस्तकांसाठी ठेवा. वीस-पंचवीस पुस्तकं पुरेत. परीक्षा संपल्यावर सुट्टीसाठी प्रत्येकाला एक पुस्तक द्या, हरवलं तर दंड घ्या, पण द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, आइसलँडसारखं आपणही करून बघू. हॉस्टेलवर प्रत्येक खोलीने एक हसरं पुस्तक आणायचं आणि शेजारच्या खोलीला द्यायचं. एका विंगमध्ये वीस खोल्या असतील, तर वीस पुस्तकं फिरतील. हिशोब सोपा आहे, एम-थ्री लागत नाही.

बाकी इंजिनिअर होऊन आपण पुण्याला जाऊ, बेंगळुरूला जाऊ, कोणी परदेशात जाईल. दिवसभर इंग्रजीत बोलू, इंग्रजीत मेल लिहू. तेव्हा मराठी आपल्याजवळ कशी राहील? व्याकरणाच्या नियमांनी नाही राहणार. चिमणरावाची एखादी फजिती आठवून परक्या गावात एकटंच हसू आलं, तर तेवढी राहील. त्या हसण्याची तजवीज आत्ताच, या सुट्टीत करून ठेवा.

तर मग, यंदा माळेगावच्या यात्रेहून येताना आईला बांगड्या, भावाला भोंगा आणा, आणि वाचनालयातून स्वतःला एक पुस्तक. येळवशीच्या, नाताळच्या आणि नवीन वर्षाच्या मनापासून शुभेच्छा!