मुलांची सांधेदुखी : चिठ्ठी कधी लिहावी?

संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेली वीस-बावीस वर्षे एक प्रसंग माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. तो व्यवसायबंधूंपुढे सांगण्याचे धैर्य मात्र आजवर झाले नव्हते.

इंदूरमध्ये दवाखाना सुरू करून मला तेव्हा चार-पाच वर्षे झाली होती. परिचयातील एक आजी आपल्या चार वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. मुलीचा उजवा गुडघा सुजलेला होता. ताप नव्हता, रडणे नव्हते. फक्त सकाळी उठल्यावर तासभर ती पाय ओढत चालते, एवढीच तक्रार होती. "कुठेतरी आपटली असेल," हा आजींचा तर्क मी मान्य केला आणि वेदनाशामक औषध दिले. तीन आठवड्यांनी सूज तशीच होती. रक्त तपासले, तर ए.एस.ओ. टायटर थोडा वाढलेला निघाला. मी ऱ्हुमॅटिक फीवरचे निदान करून मोकळा झालो आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू केले.

असे पाच महिने गेले. गुडघा पूर्ण सरळ होईनासा झाला. मग बालवाडीच्या बाईंनी सांगितले, की मुलगी चित्रांचे पुस्तक फार जवळ धरून पाहते. नेत्रतज्ज्ञांनी तपासले तेव्हा एका डोळ्याच्या आतील दाह जुना झाला होता, बाहुलीचा आकार बदलला होता आणि मोतीबिंदू धरू लागला होता. पुढे योग्य उपचारांनी गुडघा सुधारला. त्या डोळ्याची दृष्टी मात्र पूर्णपणे परतली नाही. आजी माझ्यावर रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही पाठवलं असतं तर आम्ही गेलो असतो की हो!"

या वाक्याला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

मुलांमध्ये दीर्घकाळ टिकणारा संधिवात असतो, ही काही नवी गोष्ट नव्हे. लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली अशा २२ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. तरीही "संधिवात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे" ही समजूत घराघरांत आहे आणि खरे सांगायचे तर आपल्या दवाखान्यांतही आहे. सोळा वर्षांच्या आतील मुलाचा सांधा सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ सुजलेला राहिला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर त्यास ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. येथेच एक गैरसमज होतो. सहा आठवड्यांची ही अट निदानाला नाव देण्यासाठी आहे, वाट पाहण्यासाठी नव्हे. दोन-तीन आठवडे सूज किंवा सकाळचा आखडलेपणा टिकला, तर माझ्या मते तज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी त्याच दिवशी लिहावी.

काही मुलांना तेवढीही सवड नसते. ताप आहे, एकच सांधा गरम आहे आणि मूल तो हलवू देत नाही, विशेषतः खुबा, अशा वेळी सांध्यात पू झाला आहे असे समजून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. काही दिवसांतच तेथील कूर्चा कायमची नष्ट होऊ शकते. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, हेही विसरू नये. दुसरा धोक्याचा प्रकार असा : मूल वेदनेने रात्री जागे होते, निस्तेज दिसते, अंगावर निळे डाग उठतात, वजन घटते, आणि सांध्यावरील सुजेच्या मानाने वेदना फार अधिक असते. येथे रक्तकर्करोगाची शंका मनात आलीच पाहिजे. रक्ताची सर्व मोजणी आणि स्मिअर पाहिल्याखेरीज अशा मुलास स्टेरॉइड देऊ नये. त्याने तात्पुरते बरे वाटते आणि खरा रोग झाकला जातो.

मग पाय दुखणारे प्रत्येक मूल तज्ज्ञाकडे धाडावे काय? मुळीच नाही. दोन्ही पाय संध्याकाळी किंवा रात्री दुखतात, आजीने तेल लावून चोळले की मूल झोपते, सकाळी उठून धावू लागते, कोठेही सूज नाही आणि तपासणीत काही आढळत नाही, अशा मुलांची संख्या फार मोठी आहे. त्यांना तपासण्यांची नव्हे, तर धीर देण्याची गरज असते. सकाळी लंगडणारे मूल मात्र या गटात बसत नाही. सकाळी मूल कसे चालते, हा एक प्रश्न प्रत्येक आईला विचारलाच पाहिजे.

रक्ताच्या अहवालांविषयीही दोन शब्द. ए.एस.ओ. वाढलेला असणे म्हणजे पूर्वी केव्हातरी स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला होता, एवढेच. ऱ्हुमॅटिक फीवरचा दाह फार दुखरा असतो आणि एका सांध्यातून दुसऱ्यात फिरतो. एकाच गुडघ्यात महिनोन्‌महिने मुक्काम करीत नाही. उलट, संधिवात असलेल्या बहुतेक मुलांमध्ये आर.ए. फॅक्टर निगेटिव्हच असतो. म्हणून कागदापेक्षा आपल्या हातांवर विश्वास ठेवावा. आणि संधिवाताचे निदान झालेल्या प्रत्येक मुलाची स्लिट लॅम्पवर नेत्रतपासणी व्हावी. धोका अधिक असल्यास ती दर तीन-चार महिन्यांनी करावी. डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि मूल तक्रारही करीत नाही. माझी चूक नेमकी येथेच झाली.

आपण चिठ्ठी लिहिण्यास उशीर का करतो? खर्च आणि अंतर ही कारणे खरी आहेत. मुलांच्या संधिवाताचे तज्ज्ञ थोडे आहेत आणि ते मोठ्या शहरांत आहेत. तथापि अवंतिका एक्सप्रेसने एका रात्रीत मुंबई गाठता येते, आणि आपल्या समाजात मुंबई-पुण्यास नातेवाईक नसलेले घर विरळा. खरे कारण आपल्या मनात असते. पेशंट हातचा जाईल, आपले अज्ञान उघडे पडेल, ही भीती असते. माझ्याही मनात ती होती.

अनुभव मात्र उलट आहे. ज्या मुलांना मी वेळेवर पाठवले, ती माझ्याकडेच परत आली. आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिले जात नाही ना, हे पाहणे, रक्ततपासण्या, लसीकरण, शाळेत जाण्याचा धीर, हे सारे अखेर घरच्या डॉक्टरलाच करावे लागते. आज उपचार इतके पुढे गेले आहेत, की वेळेवर पोहोचलेली बहुतेक मुले इतरांसारखी खेळतात.

तरुण व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे, की सुजलेल्या सांध्याची पहिली तारीख केसपेपरवर ठळक लिहून ठेवावी. पुढच्या भेटीत ती तारीख पाहावी आणि मगच औषध लिहावे. मी ती कधीच लिहिली नव्हती.