उपासनेतील संगणकी स्वर

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पेटीच्या जागी संगणक असावा की नसावा, हा प्रश्न केवळ वाजविणारांचा नव्हे. संगणक परका म्हणून त्याज्य, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. पेटी तरी कोठली? तिच्या मूळ रूपाचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये निघाले. तिचे स्वर ताठ, तिला मींड येत नाही, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बंदी केली होती. संगणकावर मात्र स्वर श्रुतिभर चढवितां-उतरवितां येतो. तेव्हा दोष यंत्राचा नव्हे. आपल्या आळसाचा आहे. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ति अभंगाच्या वळणांत आणिली. आणि आपण तीच चाल कारखान्यांतून आलेल्या बारा समान स्वरांच्या सांच्यांत चेपतों! शिवाय आवाज इतका वाढवितों की, मंडळी गाणे सोडून ऐकत बसते. उपासनेत श्रोता कोणीच नसतो, याचा विसर पडावा काय?

आमचे म्हणणे इतकेच: आधी मंडळीचा गळा, मग चाल, मग यंत्र. हा क्रम पाळवत नसेल, तर संगणक खुशाल बंद करावा; टाळ अद्याप मिळतात.