कुंपणच शेत खातंय का, ते एकदा बघा



'प्रायव्हसी', 'सेफ', 'प्रोटेक्ट' असे शब्द दिसले की आपण लगेच डाउनलोडचं बटण दाबतो. त्यात फुकट असेल तर विचारायलाच नको! माझं मत स्पष्ट आहे. ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, जीएसटी रिटर्न भरता, त्यावर असलं काही टाकण्याआधी दहा वेळा विचार करा.

कारण सांगतो. 2015 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. प्रिव्हडॉग नावाचं सॉफ्टवेअर होतं. जाहिराती आणि ट्रॅकर अडवून तुमची प्रायव्हसी जपतो, असा त्याचा दावा. हान्नो ब्योक या जर्मन पत्रकाराने ते तपासलं, तर भलतंच निघालं.

आधी एक साधी गोष्ट समजून घ्या. बँकेची साइट उघडली की ती ब्राउझरला सर्टिफिकेट दाखवते. ते तिचं ओळखपत्रच समजा. ते विश्वासू संस्थेने दिलंय का, नाव जुळतंय का, हे ब्राउझर बघतो. गडबड वाटली तर इशारा देऊन तुम्हाला थांबवतो.

प्रिव्हडॉग या दोघांच्या मध्ये बसायचं. साइटचं सर्टिफिकेट बाजूला सारून स्वतःचं पुढे करायचं. स्वतःचं मूळ सर्टिफिकेट त्याने कॉम्प्युटरमध्ये आधीच बसवलेलं असायचं, त्यामुळे ब्राउझरही मान डोलवायचा. आणि खरी मेख पुढे आहे: साइटचं मूळ ओळखपत्र ते तपासतच नव्हतं! म्हणजे वॉचमनने ओळखपत्र न बघता येईल त्याच्या हातात सोसायटीचा पास द्यावा, तसं. समोर बँकेच्या नावाने बसलेला चोर असला, तरी तुम्हाला इशारा मिळणार नाही.

जास्तीत जास्त 57,568 लोकांना याचा धोका होता, असं कंपनीनेच सांगितलं आणि दुरुस्तीचं अपडेट काढलं.

त्याच महिन्यात लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये आधीपासून टाकलेलं सुपरफिश उघडकीला आलं. तेही असंच मध्ये बसायचं, जाहिराती दाखवायला. सगळ्या लॅपटॉपना गुप्त किल्ली एकच, आणि तीही तज्ज्ञांनी शोधून काढली. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी सर्टिफिकेट मागे राहायचं. 2017 मध्ये लेनोवोने अमेरिकेतल्या 32 राज्यांशी 35 लाख डॉलरवर तडजोड केली.

आता तुम्ही म्हणाल, "सर, मग अँटिव्हायरसपण टाकायचा नाही का?" टाका की! पण काही अँटिव्हायरससुद्धा असेच मध्ये बसून तपासणी करतात, हे माहीत असू द्या. ज्याला मध्ये बसवाल, त्याच्या हातात तुमचा गल्ला असतो. म्हणून तो कोण आहे, त्याचं पोट कशावर चालतं, हे आधी विचारा. फुकट देणारा कमावतो कुठून, हा प्रश्न धंदा करणाऱ्या माणसाला पडायलाच हवा.

आजच तीन कामं करा.

1. व्यवहाराच्या कॉम्प्युटरवर काय काय इन्स्टॉल आहे ते बघा. नको ते काढा.

2. बँकेची साइट उघडा. पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट कोणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं, तर कोणीतरी मध्ये बसलंय. जाणकाराला दाखवा आणि मूळ सर्टिफिकेटही काढून घ्या.

3. ब्राउझरने इशारा दिला तर 'पुढे जा' दाबू नका. घाई असली तरी नाही.

आणि एक लक्षात ठेवा. उद्या ग्राहक तुम्हाला नंबर, पत्ता, पेमेंटचा तपशील देईल. तेव्हा त्याच्या शेताचं कुंपण तुम्ही असाल. 'तुमची माहिती सुरक्षित आहे' असं पाटीवर लिहिणं सोपं असतं. ती खरंच जपा, ग्राहक टिकतो तो त्यावर.