कुलूप माझ्या गाडीला, किल्ली मात्र कंपनीच्या खिशात!

मित्रहो, पोस्ट जरा लांब आहे. पण दारात चारचाकी असेल किंवा जुनी घ्यायचा विचार असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात भल्या पहाटे शेजाऱ्याच्या पिकअपची बॅटरी उतरली. मागे कांदा भरलेला, मार्केटला जायची घाई. मी माझी गाडी शेजारी लावून जंप दिला. अंधारात प्लसची वायर मायनसला लागली. चूक माझीच, कुणावर ढकलत नाही. ठिणगी उडाली आणि माझी गाडी जागेवर बसली.

टोचन करून ती विंचूर चौफुलीच्या पुढे आमच्या नेहमीच्या चाचांच्या गॅरेजला नेली. त्यांनी फ्यूज पाहिले, अर्थिंग पाहिलं, स्कॅनर लावला. स्कॅनर इंजिनाशी बोलायलाच तयार नाही. निदान एकच: ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला. चाचांनी ओळखीच्या भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा, त्याच पार्ट नंबरचा चालू ईसीएम ७ हजारांत, बिलासकट मिळवून दिला. अर्ध्या तासात बसवलाही. सेल्फ मारला, इंजिन क्षणभर धडधडलं आणि बंद. मीटरवर चावीचा लाल दिवा लुकलुकत बसला.

चाचा म्हणाले, "भाऊ, गाडी चांगली, पार्ट चांगला, काम मला येतं. फक्त परवानगी नाही."

हे परवानगीचं प्रकरण काय ते सांगतो. चावीच्या प्लास्टिकमध्ये एक बारीकशी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. चावी फिरवली की लॉकभोवतीची कॉइल तिचा नंबर वाचते. तो ईसीएममध्ये साठवलेल्या नोंदीशी जुळला तर डिझेल सुटतं, नाहीतर नाही. याला म्हणायचं इमोबिलायझर. जुना ईसीएम आणला की त्याच्या पोटात आधीच्या गाडीची चावी असते. कोरा नवा आणला तर त्यात कुठलीच चावी नसते. दोन्ही वेळा त्याची माझ्या चावीशी ओळख करून द्यावी लागते, आणि त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर आणि गाडीचा गुप्त कोड लागतो. तो कोड माझ्याकडे नाही, चाचांकडे नाही. गाडी माझी, आरसी बुक माझ्या नावावर, हप्ते मी फेडले!

मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच. उत्तर मिळालं: जुना पार्ट आम्ही कोडिंग करून देत नाही. नवा घ्या, ४६ हजार, कोडिंगचे वेगळे. गाडी इथेच आणा, दोन्ही चाव्या आणा. म्हणजे येवल्याहून निफाडमार्गे नाशिकपर्यंत ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर टोचन. दुसरी चावी तर दोन वर्षांपूर्वीच हरवलेली, तिचे आणखी पैसे. गाडीची आजची किंमत काय आणि हा खर्च काय!

आता खरी गोष्ट ऐका. याच काळात मला एक तिसरा रस्ता सांगितला गेला. "इमो ऑफ करून घ्या. पाच हजार. लॅपटॉप घेऊन पोरगा घरी येतो." म्हणजे ईसीएमच्या मेमरीतून चोरीचं कुलूपच पुसून टाकायचं. मग साधी कापलेली चावीसुद्धा गाडी चालू करते. आणि उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार.

इथेच माझं डोकं फिरलं. कायदेशीर दुरुस्ती परवडत नाही म्हणून माणूस सुरक्षाच काढून टाकतो. चोराला अडवायला केलेली व्यवस्था मालकाला इतकं अडवते की मालक स्वतःच चोराचं काम सोपं करून ठेवतो. आणि चोर? ठरवून गाड्या उचलणाऱ्या टोळ्या सोबत स्वतःचा ईसीएम आणि त्याला जुळणारी चावी घेऊन येतात, बसवतात आणि जातात. अडतो तो फक्त बिल घेऊन, आरसी दाखवून काम करणारा माणूस.

काही जण म्हणतील, "मग काय कोड सगळ्यांना वाटायचे?" नाही. इमोबिलायझर ही चांगलीच गोष्ट आहे. युरोपात १९९८ पासून नव्या कारना तो सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९५ ते २००८ या काळाचा हिशेब मांडला, तर त्याच्यामुळे कारचोऱ्या साधारण ४० टक्क्यांनी घटल्या. माझं भांडण कुलपाशी नाही. किल्ली एकाच दुकानात ठेवण्याशी आहे.

किल्ली सुरक्षितपणे देता येते, हे इतरांनी करून दाखवलंय. अमेरिकेत कुलूपवाले आणि मेकॅनिक आधी नाव नोंदवतात, त्यांची तपासणी होते. मग मालकाची ओळख आणि गाडीची कागदपत्रं बघून, त्याची नोंद ठेवून ते कंपनीकडून कोड घेतात. युरोपनेही स्वतंत्र गॅरेजना तपासून अशी सुरक्षा-माहिती देण्याची पद्धत आणली आहे. मग तीच पद्धत चाचांसाठी का नको?

आपल्याकडे कुणी बोललंच नाही असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. ती खुली करा, असा आदेशही दिला. कंपन्या अपिलात, कोर्टात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राईट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात वाहन क्षेत्रही होतं. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल आलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पोर्टलवर माहिती वाचून माझा लाल दिवा विझत नाही.

आपलं गाव विणकरांचं. पैठणीच्या मागाचं काही मोडलं तर विणकर स्वतः बसवतो, नाहीतर सुतार बोलावतो. माग विकणाऱ्याला कुणी परवानगी विचारत नाही. तशी विचारायची वेळ आली असती, तर किती माग चालू राहिले असते? गॅरेजचंही तेच होणार आहे. आयटीआयतून मोटर मेकॅनिक होऊन आलेली पोरं इंजिन उतरवतात, गिअरबॉक्स खोलतात, आणि शेवटी एका कोडपाशी हात टेकतात. पुढे त्यांनी फक्त ऑइल बदलायचं आणि पंक्चर काढायचं का?

मागणी सरळ आहे. एक, गाडी विकतानाच तिचा सुरक्षा कोड मालकाला लेखी द्या. दोन, नोंदणीकृत गॅरेजला, मालकाची कागदपत्रं तपासून, ठरलेल्या फीमध्ये कोडिंग करू द्या. तीन, बिलाचा जुना ईसीएम तो चोरीचा नाही याची खात्री करून स्वीकारा. आणि हे सगळं कायद्यात लिहा.

तोवर आपण एवढं तरी करू. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या आणि असल्यास कोडचं कार्ड मागून घ्या. गाडीला वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढा. जंप देताना मोबाईलचा टॉर्च लावा, माझ्यासारखं करू नका. अडवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. तक्रारी दिसल्या तरच कुणीतरी हलेल.

माझी गाडी अजून चाचांच्या शेडमध्येच आहे. इमो ऑफ केलेला नाही, करणारही नाही. तक्रार नोंदवली आहे, नंबर जपून ठेवलाय.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली असेल तर खाली लिहा. कुठली गाडी, किती खर्च सांगितला, किती दिवस गाडी उभी राहिली. सगळं एकत्र करून लोकप्रतिनिधींना देऊ. आणि पटलं असेल तर आपापल्या मेकॅनिकपर्यंत पोस्ट पोचवा.