गुपित कोणापासून?

रावळपिंडीच्या लष्करी तळावर १९३० च्या दशकात हिंदी शिपायांना अर्धी चड्डी आणि सुती सदरा घालून मस्टर्ड वायूच्या कोठडीत पाठवले जात असे. हा वायू कातडी भाजून काढतो. प्रयोग करणारे शास्त्रज्ञ ब्रिटनच्या पोर्टन डाऊन या रासायनिक युद्ध संशोधन केंद्राचे होते. रणांगणावर किती वायू सोडावा लागेल आणि हिंदी कातडी गोऱ्या कातडीपेक्षा जास्त भाजते की कमी, हे त्यांना पाहायचे होते. एका शिपायाचा मुखवटा घसरला आणि त्याचे डोळे व चेहरा होरपळला. अनेकांना इस्पितळात हलवावे लागले. दहा वर्षांहून अधिक काळ हे चालले आणि त्यात शेकडो शिपाई वापरले गेले. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली ही कागदपत्रे २००७ मध्ये ‘द गार्डियन’ने लोकांसमोर आणली. दाद मागायला वा नुकसानभरपाई घ्यायला तोवर कितीसे शिपाई हयात असणार?

मस्टर्ड वायू युद्धात पहिल्यांदा वापरला तो जर्मनांनी, १९१७ साली ईप्रच्या आघाडीवर. मग रावळपिंडीत जर्मनांपासून लपवण्यासारखे होते तरी काय? लपवायचे होते ते शिपायांच्या भाजलेल्या कातडीचे कागद, तेही शिपायांच्या आप्तांपासून आणि ब्रिटिश करदात्यापासून. लष्करी संशोधनातील गुप्ततेचा इतिहास चाळला की हा प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो. सूत्र शत्रूला केव्हाच ठाऊक असते, अंधारात राहतात ते घरचेच.

गोऱ्या शिपायांचे नशीब फार वेगळे होते असेही नाही. ६ मे १९५३ रोजी पोर्टन डाऊनमध्ये रोनाल्ड मॅडिसन या वीस वर्षांच्या हवाई सैनिकाच्या हाताला गणवेशाच्या कापडाचे दोन थर गुंडाळले गेले आणि त्यावर २०० मिलिग्रॅम सरीन हे जहाल विष टाकले गेले. मोबदला पंधरा शिलिंग आणि तीन दिवसांची रजा. सर्दीपडशावरच्या औषधाचे प्रयोग आहेत असे सांगून आपल्याला नेले, अशी तिथून परतलेल्या कित्येकांची तक्रार होती. मॅडिसन तासाभरात गेला. बंद दाराआड चौकशी झाली, ‘अपघाती मृत्यू’ असा शेरा पडला आणि फाइल कुलूपबंद झाली. चौकशी पुन्हा उघडायला अर्धे शतक लागले. २००४ मध्ये ज्यूरीने हा मृत्यू बेकायदा ठरवला. त्यानंतर, २००८ मध्ये, ब्रिटिश सरकारने ३६० माजी सैनिकांना मिळून तीस लाख पौंड दिले, जबाबदारी मात्र कबूल केली नाही. माणसावरील प्रयोगाला त्याची स्वेच्छेची संमती हवी, हे न्यूरेंबर्गच्या निकालाने १९४७ सालीच लिहून ठेवले होते. नाझी डॉक्टरांना हा धडा शिकवणाऱ्यांच्या बाजूला ब्रिटनही होता, हे विसरू नये.

अशा वेळी ‘शास्त्रज्ञांच्या विवेकावर विश्वास ठेवा’ असे सांगितले जाते. अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पातील हजारो शास्त्रज्ञांपैकी जोसेफ रोटब्लॅट १९४४ च्या अखेरीस बाहेर पडले, कारण जर्मनी बॉम्ब बनवत नसल्याचे त्यांना कळले होते. बक्षीस काय, तर हेरगिरीचा संशय. शांततेचे नोबेल मिळायला १९९५ साल उजाडले. कुलपाआड विवेक दाखवणाऱ्याचे हे असे होते, म्हणूनच तो एकट्याच्या खांद्यावर सोडणे धोक्याचे.

आपल्याकडेही आरसा पाहायला हरकत नाही. रासायनिक अस्त्रे बनवणार नाही, मिळवणार नाही, असे संयुक्त निवेदन भारत आणि पाकिस्तानने १९९२ मध्ये केले. पाच वर्षांनी रासायनिक अस्त्रबंदीचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला तेव्हा भारताने १,०४४ टन मस्टर्डचा साठा असल्याचे जाहीर केले. साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत पूर्ण नष्टही केला, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण तो होता, हे आपल्या नागरिकांना आधी कळले ते परदेशी निरीक्षकांना द्यायच्या कागदामुळे.

शेजार पाहता भारताला गुप्त संशोधन सोडून चालणार नाही. पुण्यात पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत आणि तिथल्या स्फोटकांचे सूत्र चव्हाट्यावर मांडा असे कोणी म्हणत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीने अशा प्रयोगशाळा चालवणाऱ्या डीआरडीओ या सरकारी संस्थेला वगळले आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांपुरती वाट ठेवली आहे, पण आरोप करायला आधी काय घडले हे कळावे लागते. रावळपिंडीचा शिपाई अर्ज तरी कशाच्या आधारे करणार?

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. तोच दंडक संरक्षण संशोधनात माणसांवर झालेल्या प्रत्येक चाचणीच्या नोंदींना लावावा. चाचणी सुरू होण्याआधी तिला मंजुरी देणाऱ्या समितीत लष्कराच्या आणि त्या प्रयोगशाळेच्या बाहेरचा, गुप्ततेची शपथ घेतलेला एक डॉक्टर आणि एक निवृत्त न्यायाधीश असावा. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने हा विषय येत्या अधिवेशनात हाती घ्यावा.